आधी मोजा, मग निकाल द्या!

न्यायालयात पुराव्याशिवाय कोणालाही शिक्षा देता येत नाही. आरोप ठेवावा लागतो, साक्षीपुरावा तपासावा लागतो, आरोपीची बाजू ऐकावी लागते आणि मगच निकाल लागतो. बाजारात मात्र हा नियम कोणी पाळत नाही. गाडीतील ॲम्प्लिफायर बंद पडला की दुकानदार तो हातात घेतो, उलटसुलट करून पाहतो, टेस्ट लॅम्प टेकवतो आणि दोन मिनिटांत निकाल देतो, "बोर्ड गेला. नवीन घ्या!" ना तपास, ना पुरावा, ना अपील. ग्राहक मुकाट्याने खिशात हात घालतो.

वैचारिक लेखांच्या या पानावर गाडीच्या ॲम्प्लिफायरचे काय काम, असे काही वाचकांना वाटेल. परंतु आमच्या समाजातील किती माणसे गाडीच्या चाकावर पोट भरतात, याचा त्यांनी क्षणभर विचार करावा. वडाप, टेम्पो, टुरिस्ट गाडी, लग्नाची गाडी, निवडणुकीची प्रचारगाडी आणि १४ एप्रिलची गाडी, या सगळ्यांत हा डबा बसवलेला असतो. तो दुरुस्त करणारी पोरेही बहुतेक वस्तीतलीच असतात. बिघाडाचे ज्ञान नसल्यामुळे एकीकडे चालक लुबाडला जातो आणि दुसरीकडे काम जाणणाऱ्या पोराच्या हाताला दाम मिळत नाही. हा प्रश्न साधा नाही. म्हणूनच आज आम्ही त्यावर लिहीत आहोत.

प्रथम हा डबा करतो काय, ते समजून घेऊ. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची. इंजिन बंद असताना चांगल्या चार्ज झालेल्या बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट मिळतात आणि इंजिन चालू असताना अल्टरनेटरमुळे १३.८ ते १४.४ व्होल्टपर्यंत जातात. एवढ्या व्होल्टवर साधा टेप ४ ओहमच्या स्पीकरला प्रत्यक्षात १८ ते २० वॅटच देऊ शकतो, मग त्याच्या तोंडावर ५० लिहिलेले असो की ६०. आवाज वाढवायचा तर व्होल्ट वाढवले पाहिजेत. ॲम्प्लिफायरच्या अर्ध्या भागात हेच काम चालते. तिथे मॉस्फेट नावाचे ट्रान्झिस्टर बॅटरीचा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतात. तो प्रवाह कड्यासारख्या गोल ट्रान्सफॉर्मरमधून जातो, डायोड त्याला पुन्हा सरळ करतात आणि मोठ्या कपॅसिटरवर, समजा, अधिक ३० आणि उणे ३० व्होल्ट साठतात. उरलेल्या अर्ध्या भागात टेपमधून आलेला बारीक आवाज मोठा होतो आणि शेवटच्या आउटपुट ट्रान्झिस्टरमधून स्पीकरकडे जातो. थोडक्यात, एक विजेचा विभाग आणि एक आवाजाचा विभाग. बिघाड कोणत्या विभागात आहे हे कळले की निम्मे काम झाले.

परंतु झाकण उघडण्याची घाई करू नये. पुष्कळदा दोष डब्याच्या बाहेरच असतो.

ॲम्प्लिफायरला जिवंत ठेवणाऱ्या वायरी तीन. बॅटरीकडून येणारी जाड वायर, गाडीच्या बॉडीला जोडलेली अर्थची वायर आणि टेपकडून येणारी बारीक रिमोट वायर. रिमोट म्हणजे हुकूम. टेप चालू झाला की त्या वायरीवर १२ व्होल्ट येतात आणि ॲम्प्लिफायर जागा होतो. डबा अगदीच मेलेला वाटत असेल, दिवाच लागत नसेल, तर मीटरची काळी पिन डब्याच्या अर्थच्या स्क्रूवर ठेवावी आणि लाल पिनने आधी बॅटरीचा स्क्रू, मग रिमोटचा स्क्रू तपासावा. दोन्हीकडे १२ व्होल्ट हवेत. बॅटरीच्या स्क्रूवर काहीच नसेल, तर बॅटरीजवळचा मोठा फ्यूज पाहावा, तसेच अर्थची वायर तुटली आहे काय तेही पाहावे. रिमोटवर नसेल, तर दोष टेपच्या मागच्या जोडणीत असतो. फ्यूजची तार नुसत्या डोळ्यांनी बघून भागत नाही. तार शाबूत दिसते आणि आतून पाय सुटलेला असतो. म्हणून फ्यूज बाहेर काढून मीटरवर तपासावा.

येथे एक मुद्दा फार महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच दुकानात सोडून दिला जातो. मोजणे पुरेसे नाही. योग्य वेळी आणि योग्य जागी मोजले पाहिजे.

आमच्याकडे एक वडाप चालक दंडाच्या पावतीच्या कामासाठी आले होते. बोलता बोलता त्यांनी सांगितले, की गाडीतला ॲम्प्लिफायर आवाज वाढवला की बंद पडतो, कमी केला की पुन्हा सुरू होतो. दुकानदाराने टेस्ट लॅम्प लावून पाहिला. दिवा लख्ख पेटला, म्हणजे लाईन ठीक, म्हणजे बोर्ड गेला, असा त्याचा निष्कर्ष. जुना डबा तीनशे रुपयांत ठेवून घेतो आणि नवा देतो, असेही तो म्हणाला. "नवा घेतला तर या महिन्याचा गाडीचा हप्ता चुकतो, वकीलसाहेब," चालक म्हणाले. आम्ही त्यांना आमच्या वस्तीतल्या एका तरुणाकडे पाठवले. आयटीआय झालेला, घराच्या ओट्यावर टेबल टाकून काम करणारा हा पोरगा. त्याने झाकणाला हातही लावला नाही. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवली, दुसरी लांब वायर जोडून ॲम्प्लिफायरच्या अर्थच्या स्क्रूवर ठेवली आणि चालकांना आवाज वाढवायला सांगितला. ढोलाच्या ठोक्यासरशी मीटर ३ व्होल्टकडे धावू लागला. तो हसून म्हणाला, "काका, बोर्डाला काही झालेलं नाही. अर्थ धरत नाही."

हे कसे घडते? साधा हिशोब आहे. अर्थची वायर सीटखालच्या बोल्टला, रंगावरच, आवळलेली होती. गाडी धुताना पाणी मुरून तिथे गंज चढला. त्या गंजाचा अडथळा फक्त एक दशांश ओहम धरा. टेस्ट लॅम्प जेमतेम एखादा अँपिअर ओढतो, म्हणजे व्होल्टची घट फक्त ०.१. दिवा लख्ख पेटणारच! परंतु ॲम्प्लिफायर जोरात वाजताना ३० अँपिअर ओढतो. तेव्हा घट होते ३० गुणिले ०.१, म्हणजे ३ व्होल्ट. साडेबारामधून तीन गेले, उरले साडेनऊ. एवढ्यावर डबा स्वतःला बंद करून घेतो. दोष त्याचा नव्हताच, तो स्वतःला वाचवत होता. शिवाय त्या गंजलेल्या बोल्टखाली त्या वेळी ९० वॅटची उष्णता तयार होत असते. सीटखालच्या रबरी चटईला चटका बसायला ती पुरेशी आहे. त्या तरुणाने बोल्ट काढला, पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत केला, वायरीला चांगले थिंबल दाबले, बोल्ट घट्ट आवळून वरून ग्रीस लावले. पुन्हा मोजले, तर घट नावापुरती उरली होती. ती एक दशांश व्होल्टच्या आसपास असावी असा कारागिरांचा दंडक आहे. ज्या डब्याला भंगाराची शिक्षा झाली होती, तो निर्दोष सुटला.

आता फ्यूजकडे वळू. फ्यूज हा या गाडीतला सर्वांत प्रामाणिक साक्षीदार आहे, आणि नेमका त्याचाच गळा दाबला जातो. २५ अँपिअरचा फ्यूज दोनदा उडाला, की कोणीतरी त्या जागी ४० चा घालतो. तोही उडाला, की सिगारेटच्या पाकिटातली चांदी किंवा तांब्याची तार गुंडाळतो. यापेक्षा मोठा अपराध दुसरा नाही. फ्यूज असतो तो मुख्यतः वायर वाचवण्यासाठी. त्याची जागा तारेने घेतली, की पुढच्या शॉर्टच्या वेळी जळायला उरते ती फक्त वायर, आणि ती तर डॅशबोर्डखालून, गालिच्याखालून, डिझेलच्या पाइपाशेजारून गेलेली असते. वडापमध्ये दहा माणसे बसतात, बायाबापड्या बसतात, शाळेची पोरे बसतात, हे तार गुंडाळणाऱ्याने ध्यानात ठेवावे. मुख्य फ्यूज बॅटरीपासून अठरा इंचांच्या आत असावा. तो ॲम्प्लिफायरजवळ लावून उपयोग नाही, कारण मधल्या लांब वायरीचे रक्षण मग कोण करणार? लिंबू-मिरची टांगून फ्यूज टिकत नाही. तो का उडाला, हे शोधावेच लागते.

हाच फ्यूज दुकानदाराचे खोटेही उघडे पाडतो. डब्यावर ठळक अक्षरांत '२००० वॅट' छापलेले असते. बाजूला फ्यूज पाहा, २५ अँपिअर. आता गुणाकार करा. २५ गुणिले १३.८ म्हणजे ३४५ वॅट. क्षणभराच्या ठोक्याला थोडे जास्त जाईल, परंतु सतत म्हणाल तर बॅटरीकडून डबा घेऊच शकतो फार तर एवढे! त्यातलेही जुन्या पद्धतीच्या, म्हणजे क्लास एबी ॲम्प्लिफायरमध्ये चाळीस टक्क्यांच्या आसपास उष्णतेत जातात. स्पीकरला मिळतात जेमतेम दोनशे. आजकालचे क्लास डी ॲम्प्लिफायर कमी तापतात आणि त्यांचा वाटा अधिक पोहोचतो, तरीही ३४५ चे २००० कोणत्याही विज्ञानाने होत नाहीत. जो माणूस हा एक गुणाकार करू शकतो, त्याला छापील आकड्याने कोणी फसवू शकत नाही.

फ्यूज कधी उडतो, यावरूनही तपासाची दिशा ठरते. रिमोट वायर काढून ठेवली आणि नुसती बॅटरी जोडताच फ्यूज उडाला, तर विजेच्या विभागातले मॉस्फेट शॉर्ट झालेले असतात किंवा कोणीतरी बॅटरी उलटी जोडल्यामुळे संरक्षणाचा डायोड बळी पडलेला असतो. बॅटरी जोडल्यावर काही होत नाही आणि रिमोट देताच उडाला, तर नजर पुढे, डायोड आणि आउटपुट ट्रान्झिस्टरकडे वळवावी. एका वायरीने एवढी माहिती मिळते. मग अंदाजाने अर्धा बोर्ड बदलायचे कारण काय?

कित्येक डब्यांवर 'प्रोटेक्ट' नावाचा लाल दिवा असतो. तो लागला की लोक घाबरतात. वास्तविक तो दिवा म्हणजे ॲम्प्लिफायरचा तक्रार अर्ज आहे. तो वाचावा. प्रथम स्पीकरच्या सगळ्या वायरी काढाव्यात आणि डबा पुन्हा चालू करावा. दिवा गेला, तर दोष स्पीकरकडे. दरवाज्याच्या बिजागरीत वायर सोलून बॉडीला टेकलेली असते, किंवा स्पीकरची कॉइल जळून एकमेकांना चिकटलेली असते. ४ ओहमचा चांगला स्पीकर मीटरवर साधारण ३.२ ते ३.६ ओहम दाखवतो. एक ओहमच्या खाली आला तर तो गेला. काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली. स्पीकर जास्त जोडल्यामुळेही हा दिवा लागतो. ४ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की २ ओहम होतात, चार जोडले की १ ओहम. लग्नसराईत आवाज वाढावा म्हणून एकाच चॅनलवर चार-चार स्पीकर लटकवले जातात, आणि मग डब्याने दम तोडला की डब्याला शिव्या दिल्या जातात. दोन चॅनल ब्रिज करून एक बफर वाजवायचा असेल, तर बहुतेक डब्यांना किमान ४ ओहम लागतात. हे डब्याच्या मागे लिहिलेले असते, फक्त वाचायचे असते.

आवाजच येत नसेल किंवा एकाच बाजूचा येत असेल, तर अदलाबदल हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. डाव्या-उजव्या आरसीए पिना उलट कराव्यात. बंद बाजू बदलली, तर दोष टेप किंवा पिनेच्या केबलमध्ये. बदलली नाही, तर स्पीकरच्या वायरी उलट कराव्यात. आता बदलली, तर ॲम्प्लिफायरचा तो चॅनल बिघडला. तरीही बदलली नाही, तर स्पीकर किंवा त्याची वायर. मीटरही लागत नाही. इंजिनच्या वेगाबरोबर वाढणारी किणकिण ऐकू येत असेल, तर तिचे मूळ पुष्कळदा खराब अर्थमध्ये किंवा बॅटरीच्या वायरीला चिकटून नेलेल्या आरसीए केबलमध्ये सापडते. एक केबल गाडीच्या डाव्या बाजूने आणि दुसरी उजव्या बाजूने न्यावी.

एवढे सगळे तपासून झाल्यावरच झाकण उघडावे. बॅटरीची जोडणी काढून, कपॅसिटरमधला साठा एखाद्या रेझिस्टरमधून उतरवून मगच हात घालावा. मोठ्या डब्यात अधिक आणि उणे मिळून शंभर व्होल्टच्या वर साठा असू शकतो, म्हणून हलगर्जीपणा नको. प्रथम नाक आणि डोळे वापरावेत. जळका वास, फुगलेला कपॅसिटर, काळवंडलेला रेझिस्टर, पावसाचे पाणी शिरून आलेली हिरवी बुरशी. आपल्या रस्त्यांवरच्या खड्ड्यांनी ट्रान्सफॉर्मरचे आणि आरसीए सॉकेटचे पाय हलून ड्राय सोल्डर होते. पायाभोवती बारीक गोल भेग दिसली, की जुने कथील काढून नवा डाग द्यावा. पुष्कळ 'मेलेले' डबे एवढ्यानेच उठतात.

त्यानंतर मीटर डायोडच्या खुणेवर ठेवून मॉस्फेट आणि आउटपुट ट्रान्झिस्टर तपासावेत. चांगला मॉस्फेट ड्रेन आणि सोर्समध्ये एका बाजूने ०.४ ते ०.६ दाखवतो, दुसऱ्या बाजूने अडवतो. दोन्हीकडे बीप झाली तर शॉर्ट. परंतु इथेही घाईने निकाल नको. मॉस्फेट एकमेकांना समांतर जोडलेले असतात. एक शॉर्ट झाला की शेजारचे निर्दोषही बोर्डावर शॉर्टच दिसतात. म्हणून बाहेर काढून एकेकाचा वेगळा जबाब घ्यावा! बदलताना मात्र त्या रांगेतले सगळे एकाच नंबरचे, एकाच खेपेतले घालावेत, कारण ताण खाल्लेला जुना भाऊ नव्याला घेऊन बुडतो. प्रत्येकाच्या गेटवरचा छोटा रेझिस्टरही तपासावा. मॉस्फेट जाताना तो बहुधा सोबत जातो. पुष्कळ डब्यांत टीएल ४९४ नावाची आयसी या सगळ्यांना चालवते. तिच्या १२ नंबरच्या पायावर पुरवठा आणि १४ नंबरच्या पायावर ५ व्होल्ट मिळत असतील, तर ती निदान जिवंत आहे असे समजावे. सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत मिळतात. परंतु नावाजलेल्या नंबराचा खोटा माल सर्वत्र फिरतो. संशयास्पद स्वस्ताई दिसली, की माल परत करावा.

दुरुस्तीनंतरचा पहिला प्रयोग थेट बॅटरीवर कधीही करू नये. बॅटरीच्या वायरीत हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब सिरीजमध्ये लावावा. आत अजून शॉर्ट असेल, तर बल्ब लख्ख पेटतो, प्रवाह चार-पाच अँपिअरच्या पुढे जात नाही आणि नवे भाग वाचतात. बल्ब क्षणभर चमकून मंद झाला, तर मार्ग मोकळा आहे. मॉस्फेट आणि ट्रान्झिस्टरखाली अभ्रकाचा किंवा रबरी पॅड नीट बसला आहे, स्क्रू आवळले आहेत, हे पाहिल्याशिवाय डबा चालू ठेवू नये. स्पीकर जोडण्यापूर्वी त्याच्या स्क्रूंवर डीसी व्होल्ट मोजावेत. मीटर शून्याजवळ, म्हणजे पाऊणशे मिलिव्होल्टच्या आतच राहिला पाहिजे. तिथे काही व्होल्ट दिसले आणि तरीही स्पीकर जोडला, तर स्पीकरची कॉइल जळणार हे नक्की.

सगळेच डबे दुरुस्त होतात असे आम्ही म्हणत नाही. बोर्डच जळून कोळसा झाला असेल, किंवा सुटे भाग आणि मजुरी नव्या डब्याच्या किमतीजवळ जात असेल, तर तसे प्रामाणिकपणे सांगावे. परंतु ते मोजून सांगावे. भंगारात गेलेला बोर्ड हवेत विरत नाही. तो शेवटी पोहोचतो कचरा वेचणाऱ्या माणसाकडे. तांब्यासाठी वायर जाळणारे, कथिलाचा आणि शिशाचा धूर छातीत घेणारे हात कोणाचे असतात, हे या पानाच्या वाचकांना आम्ही वेगळे सांगायला नको. एक डबा दुरुस्त झाला, तर त्या धुरातला तेवढा वाटा कमी होतो.

आता कायद्याविषयी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. दुकानदार म्हणतात, तुम्ही गाडी धंद्याला लावता, मग तुम्ही ग्राहक कसले? हे खरे नाही. जो माणूस स्वयंरोजगारातून केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी वस्तू वा सेवा घेतो, तो या कायद्याने ग्राहकच आहे. स्वतः गाडी चालवून पोट भरणारा वडाप चालक त्यात बसतो. दुरुस्तीत निष्काळजीपणा झाला तर ती सेवेतील त्रुटी ठरते. बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. २५ अँपिअरच्या डब्यावर २००० वॅट छापणाऱ्याला दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल जाब विचारता येतो. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी. आपण जिथे राहतो वा काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगात ती दाखल करता येते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल, तर शुल्क लागत नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. हे आम्ही वकील असून सांगत आहोत! त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करावा. पुष्कळ प्रकरणे तिथेच मिटतात.

परंतु कायदा कागदावर चालतो, तोंडी बोलण्यावर नव्हे. डबा देताना पावती घ्यावी. तीत तक्रार काय, तपासणीचे पैसे किती, हे लिहून घ्यावे. 'बोर्ड गेला' असे म्हणणाऱ्याला शांतपणे एकच प्रश्न विचारावा, "कुठे मोजले आणि किती आले?" बदललेले जुने भाग परत मागावेत. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, आणि २४ डिसेंबर २०२२ रोजी त्यासाठी पोर्टल सुरू केले. वाहने आणि त्यांची उपकरणे या विषयात येतात. पाऊल चांगले आहे. पण आमच्या बाजारातल्या बिननावाच्या डब्यांचा सर्किटचा नकाशा कोणी देत नाही, कधी कधी तर आयसीवरचा नंबरही घासून टाकलेला असतो. ज्ञान लपवून ठेवायचे आणि मग अज्ञानाची किंमत वसूल करायची, ही रीत या देशात नवी नाही.

म्हणून तरुणांना आमचे सांगणे आहे. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. तो करा, मीटर धरायला शिका, ओहमचा नियम पाठ करू नका, तो वापरा. काम केलेल्या प्रत्येक डब्याची वहीत नोंद ठेवा. लक्षण काय होते, कुठे मोजले, किती आले, काय बदलले. वर्षभरात ती वही कोणत्याही पुस्तकापेक्षा मोलाची होईल. ती स्वतःच्या पेटीत कोंडू नका, शेजारच्या पोराला दाखवा. विहारात, समाजमंदिरात महिन्यातून एक रविवार चार बिघडलेले डबे मांडून बसा आणि दहा पोरांना मीटर धरायला द्या.

चालक बांधवांनाही आमचे सांगणे आहे. ज्याने झाकण न उघडता अर्ध्या तासात दोष सांगितला, त्याला 'काय केलेस? एक बोल्ट तर आवळलास' असे म्हणून वीस रुपये टेकवू नका. बोल्ट आवळायला मिनिट लागते, कोणता बोल्ट आवळायचा हे कळायला वर्षे लागतात. दुकानाच्या काचेला दोन मिनिटांच्या खोट्या निकालाचे हजारो रुपये देणारा समाज, ओट्यावर बसलेल्या पोराच्या खऱ्या तपासाला शंभर-दोनशे द्यायला कां कूं करतो, ही गोष्ट आम्हाला बोर्डाच्या बिघाडापेक्षा गंभीर वाटते. त्या हाताला त्याचा दाम द्या, आणि पावतीही मागा. पावतीमुळे तुमचा हक्क राहतो आणि त्याच्या धंद्याला मान मिळतो.